दुसऱ्याच्या हातची कानस : सजवलेलं जुनं रिव्हॉल्व्हर घ्यावं का?

गेल्या पावसाळ्यात अमळनेरचा एक धाकटा नातेवाईक माझ्याकडे वरणगावला आला. सराफी दुकान आहे, परवाना नुकताच हातात पडलेला. मोबाईलमध्ये सहा-सात फोटो होते. निकेल चढवून आरशासारखं चमकवलेलं .३२ बोरचं रिव्हॉल्व्हर, मुठीवर पितळी फुलं, घोड्याचा (काडतुसावर आदळणाऱ्या हॅमरचा) मागचा भाग घासून नाजूक केलेला. विकणारा दोन लाख ऐंशी हजार मागत होता. "आप्पा, हाई ली लेऊ का?" एवढाच त्याचा प्रश्न.

मी सैन्याच्या ईएमईत (इलेक्ट्रॉनिक्स अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स शाखेत) बावीस वर्षं आर्मोरर होतो. हत्यारं उघडणं, मोजणं, दुरुस्त करणं हेच माझं काम होतं. निवृत्तीनंतर गावी आलो, आणि आजूबाजूच्या तालुक्यांतले परवानाधारक जुनं हत्यार घेण्याआधी मला सोबत नेतात. कुणी रावेरचा केळी व्यापारी, कुणी जळगावचा सराफ, कुणी वडिलांच्या पश्चात हत्यार आपल्या नावावर करून घेणारा मुलगा. त्या सगळ्यांना जे सांगत आलो ते इथे सविस्तर लिहितो. जुनं रिव्हॉल्व्हर घेणं वेगळं आणि कुणीतरी आपल्या आवडीने बदललेलं जुनं रिव्हॉल्व्हर घेणं वेगळं. पहिल्यात तुम्ही कारखान्याचं काम विकत घेता. दुसऱ्यात त्यावर फिरलेली एका अनोळखी माणसाची कानसही विकत घेता, आणि तिचा हिशेब कुठेच लिहिलेला नसतो.

आधी स्वतःला विचारा

रानडुकरं पीक उद्ध्वस्त करतात म्हणून रिव्हॉल्व्हर हवं, असं सांगणारे शेतकरी मला दरवर्षी भेटतात. त्या कामाला रिव्हॉल्व्हर निरुपयोगी आहे. तीन इंची नळीचं .३२ हे अगदी जवळच्या अंतरावरचं स्वसंरक्षणाचं हत्यार आहे. अंधारात वीस मीटरवर पळणाऱ्या जनावराला ते जखमी करेल, थांबवणार नाही, आणि जखमी डुक्कर दुसऱ्या दिवशी शेतमजुराच्या अंगावर येतं. शिवाय रानडुक्कर मारायला वनखात्याची परवानगी लागते, नुसता शस्त्रपरवाना पुरत नाही.

रोकड किंवा सोनं घेऊन प्रवास असेल, धमक्यांची पोलिसांत नोंद असेल, तर रिव्हॉल्व्हरचा विचार करा. घरात लहान मुलं असतील, घरात कुणी खचलेलं असेल, कुणाला दारूचं व्यसन असेल, तर पुढचं काही न वाचता थांबा. हे मी अनुभवाने सांगतो. कुलूपबंद तिजोरी, काडतुसं वेगळ्या कुलपात, किल्ली फक्त परवानाधारकाकडे, एवढं जमणार असेल तरच पुढचा विचार.

हत्यार पाहण्याआधी कागद पाहा

आपल्याकडे उलटं होतं. लोक आधी हत्यार हातात घेतात, चमक बघून मन बसतं, आणि मग कागद कसे जुळवायचे याच्या मागे लागतात.

शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ हे दोन आधार. वय २१ पूर्ण हवं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला जास्तीत जास्त दोन बंदुकवर्गी हत्यारं ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली. तुमच्याकडे आधीच बारा बोर आणि एक रायफल असेल, तर रिव्हॉल्व्हरचा प्रश्न इथेच संपतो. परवान्यावर कोणत्या प्रकारचं हत्यार आणि कोणता बोर लिहिला आहे, खरेदीची मुदत किती, युनिक आयडेंटिफिकेशन नंबर म्हणजे यूआयएन पडला आहे का, आणि परवाना जिल्ह्यापुरता, राज्यापुरता की देशभराचा आहे, हे चारही नीट वाचा. परवान्यावर 'पिस्तूल' लिहिलं असेल आणि तुम्ही रिव्हॉल्व्हर घेणार असाल, तर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र शाखेत आधी जाऊन या. आपल्याकडे जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी परवाना देणारा अधिकारी जिल्हादंडाधिकारीच.

बोर, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं माप, महत्त्वाचा. सामान्य नागरिकाच्या रिव्हॉल्व्हरचा नेहमीचा बोर .३२. सैन्य-पोलिसांतले .३८ आणि .४५५ प्रतिबंधित बोरमध्ये येतात. जुन्या इंग्रजी हत्यारांत हे बोर बरेच सापडतात, आणि "बोर बदलून घेतलाय, आता चालतो" असं सांगणारेही भेटतात. असं बोर बदललेलं हत्यार कोणी दाखवलं, तर पाणी पिऊन नमस्कार करून निघा.

एका परवानाधारकाने दुसऱ्याला थेट विकायचं असेल, तर कलम ५ मध्ये वाट आहे. विकणाऱ्याने, कोणाला विकायचं त्याच्या नाव-पत्त्यासह, जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला लेखी कळवायचं आणि त्यानंतर किमान ४५ दिवस जाऊ द्यायचे. पोच घ्यायची, तारीख जपायची. "आज पैसे द्या, हत्यार घेऊन जा, कागद मागून होतील" असं म्हणणाऱ्याचं हत्यार तुमच्या घरात येतं त्या क्षणी तुम्ही विनापरवाना हत्यार बाळगणारे ठरता. परवानाधारक डीलरमार्फत व्यवहार करणं मला जास्त बरं वाटतं. त्याची थोडी रक्कम जाते, पण त्याच्या नोंदवहीत हत्याराचा माग राहतो.

जुनी रिव्हॉल्व्हर बहुतेक वेळा वारसांकडून येतात. वडील गेले, मुलाकडे परवाना नाही, म्हणून हत्यार पोलीस ठाण्यात किंवा डीलरकडे जमा. अशा वेळी विकायचा अधिकार नेमका कोणाला, वारसांची संमती आहे का, जमा केल्याची पावती कुठे आहे, हे विचारायला संकोच करू नका. तीन भावांपैकी एकाने परस्पर विकलेल्या हत्यारापायी खरेदीदार दोन वर्षं तारखांना जात होता, हे मी जवळून पाहिलं आहे.

सातपुड्याच्या पलीकडून येणारे गावठी कट्टे आपल्या भागात पकडले जातात, ही बातमी चोपडा-शिरपूरकडच्या माणसाला नवी नाही. म्हणून इथले पोलीस हत्याराच्या नंबराबद्दल फार काटेकोर असतात, आणि ते योग्यच आहे.

नंबर : इथेच निम्मे सौदे मोडतात

कलम ८ प्रत्येकाने एकदा तरी वाचावं. हत्यारावरचं बनवणाऱ्याचं नाव, नंबर किंवा ओळखखूण खोडणं, बदलणं, बनावट करणं गुन्हा आहे. पण खरी गोष्ट पुढे आहे. ज्याच्या ताब्यात असं खोडलेलं हत्यार सापडेल, त्यानेच ते खोडलं असं गृहीत धरलं जातं. तसं नाही हे त्याने सिद्ध करायचं. म्हणजे वीस वर्षांपूर्वी एखाद्या पॉलिशवाल्याच्या बफिंग चाकाखाली नंबर झिजला असेल, तर त्याचं उत्तर तुमच्याकडून मागितलं जाईल.

सजवलेल्या रिव्हॉल्व्हरमध्ये हीच भीती सर्वात मोठी. निकेल किंवा क्रोम चढवण्याआधी पोलाद बफिंगवर घासतात. बुलेट मोटारसायकलचा सायलेन्सर चमकवणाऱ्याला अक्षरांची खोली ठाऊक नसते. दोनदा पॉलिश झालेल्या हत्यारावर ३ आणि ८ सारखे दिसू लागतात. म्हणून बॅटरीचा उजेड आडवा टाका आणि भिंगातून नंबर वाचा. फ्रेमवरचा नंबर, नळी किंवा सिलिंडरवर (काडतुसं भरायच्या फिरत्या गोल भागावर) असेल तर तोही, विकणाऱ्याच्या परवान्यावरचा आणि तुम्हाला दिलेल्या कागदावरचा, सगळे एकेक अंक बोट ठेवून जुळवा. कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीचं असेल तर तिथले ठसे असतात. ते कडक, स्वच्छ कडांचे दिसायला हवेत. एखादा अंक ओळीतून खाली-वर गेलेला असेल, किंवा नंबराभोवतीची जागा बाजूच्या पोलादापेक्षा किंचित खोल असेल, तर तिथे पुन्हा ठोकलेलं आहे.

नंबर जुळला नाही तर हत्यार कितीही सुंदर असो, सौदा संपला.

कोणता बदल चालतो, कोणता नाही

मूठ बदललेली असेल तर ती सर्वात निरुपद्रवी. शिसवी किंवा सागवानी मूठ, हाताला बसेल अशी, चांगलीच गोष्ट. पण हस्तिदंताची किंवा सांबरशिंगाची असेल तर हात लावू नका. 'आजोबांच्या काळची आहे' म्हणून वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सुटत नाही. हत्यार हवंच असेल, तर मूठ काढून विकणाऱ्यानेच ठेवावी आणि त्याने साधी मूठ बसवून द्यावी. नेम धरायच्या पुढच्या साईटवर पांढरा ठिपका दिलेला, मुठीखाली दोरीची कडी लावलेली, हे मी दोष धरत नाही.

नळी कापलेली असेल तर? कलम ६ सांगतं की परवान्याशिवाय बंदुकीची नळी आखूड करणं बेकायदा आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत आहे. खिशात मावावं म्हणून अर्धा इंच उतरवलेलं रिव्हॉल्व्हर मी पाहिलं आहे. पुढची साईट पुन्हा डाग देऊन बसवलेली आणि तोंड कानशीने सपाट केलेलं होतं. गोळी नळीतून बाहेर पडते ते शेवटचं टोक सगळीकडून सारखं हवं. ते किंचित तिरकं असलं तरी गोळी एका बाजूला ढकलली जाते. पण नेमाचा प्रश्न नंतरचा. ते हत्यार ताब्यात असणंच धोक्याचं. सरकारी .३२ ची नळी साधारण ७६ मिलीमीटर असते. मोजपट्टी सोबत ठेवा.

चापाचं (ट्रिगरचं) काम हा सर्वात फसवा बदल. 'लोण्यासारखा चाप' असं विकणारा कौतुकाने सांगतो. आत काय झालेलं असतं? चाप आणि घोडा एकमेकांत अडकतात त्या टोकांचा फक्त वरचा पातळ थर कडक केलेला असतो. आतलं पोलाद मऊ. अडाण्याने कानशीने किंवा दगडाने तो थर काढला की आज चाप हलका लागतो, पण आतला मऊ भाग शे-दोनशे वेळा घोडा चढवल्यावर झिजतो, आणि एक दिवस चाप न ओढता घोडा पडतो. दुसरी पद्धत स्प्रिंग कापून आखूड करायची. मग घोडा इतक्या मंद गतीने पडतो की काडतुसाच्या तळाची ठिणगी देणारी टोपी फुटत नाही. घरी डमी राउंडवर (दारू नसलेल्या नकली काडतुसावर) सगळं ठीक, आणि खऱ्या प्रसंगी नुसता 'टक' आवाज.

निकेलचं आणखी एक. चांगल्या जागी केलेलं निकेल पोलादाचं संरक्षण करतं. पण सिलिंडरच्या घरांच्या (काडतुसं बसतात त्या भोकांच्या) आत, घोड्यावर, स्प्रिंगवर चढवलेलं निकेल म्हणजे करणाऱ्याला हत्यार कळत नव्हतं. मुलामा द्यायच्या आम्लात बुडवलेल्या कडक स्प्रिंगा ठिसूळ होतात आणि अचानक तुटतात. घरांच्या आतला मुलामा सुटून काडतुसं अडकतात. तापी-पूर्णेच्या पट्ट्यात जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत मुलाम्याखाली गंज फुगतो. पापुद्रे उचलले गेलेत का, हे सिलिंडरच्या खाचांजवळ बघा.

एवढं झाल्यावर एकच प्रश्न विचारा. हे काम कोणी केलं, आणि बिल कुठे आहे? हत्याराची दुरुस्ती, बदल करायला करणाऱ्याकडेही परवाना लागतो. परवानाधारक गनस्मिथचं, हत्याराच्या नंबरासह बिल असेल, काढलेले मूळ भाग पिशवीत सोबत देत असतील, तर पुढे जायला हरकत नाही. "ओळखीतल्या लेथवाल्याकडून करून घेतलं" हे उत्तर आलं, तर माझ्या हिशेबी ते हत्यार सुट्या भागांच्या किमतीचं.

हातात घेतल्यावर

ही तपासणी डीलरच्या दुकानात किंवा परवानाधारक समोर असतानाच करायची. नळी वाळूच्या पोत्याकडे किंवा जाड भिंतीकडे. काडतुसं त्या खोलीतच नकोत. हत्यार उघडा, सहाही घरं डोळ्यांनी बघा, मग बोट घालून चाचपा, मग सोबतच्या माणसाला दाखवा. हातातून खाली ठेवून पुन्हा उचललं तर पुन्हा हेच. बावीस वर्षांत हा क्रम मी एकदाही सोडला नाही.

सोबत काय न्यायचं : छोटी बॅटरी, भिंग, मोजपट्टी, सहा .३२ डमी राउंड, गॅरेजवाल्यांकडचं फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), ताणकाटा (वजन मोजायचा स्प्रिंगचा काटा) आणि पांढऱ्या कागदाचा तुकडा.

आपल्याकडची बहुतेक .३२, म्हणजे कानपूरची सरकारी आणि जुनी इंग्रजी वेब्ली अँड स्कॉट, मधून मोडून उघडणारी असतात. वर एक कुंडी, पुढे खाली बिजागरीची खीळ. अशा हत्यारात पहिली झीज तिथेच होते. बंद करा, एका हाताने मूठ आणि दुसऱ्याने नळी धरून वर-खाली, डावी-उजवीकडे हलवा. कचकच जाणवली, कुंडीत फट दिसली, तर गोळी झाडताना प्रत्येक वेळी तिथे हातोडा बसतो आहे असं समजा. चित्रपटातल्यासारखं मनगटाच्या झटक्याने बंद करण्याच्या सवयीने हे होतं. सजवलेल्या हत्यारात कुंडी चमकवण्यासाठी घासलेली असते, म्हणजे झिजेत भर. २०२३ मध्ये कानपूरहून आलेलं 'प्रबल' मात्र सिलिंडर बाजूला उघडणारं आहे. तिथे कुंडीऐवजी, सिलिंडर ज्यावर बाहेर येतं तो हात सरळ आहे का ते बघायचं. सिलिंडर बाहेर काढून हलकेच फिरवा. एका जागी हेलकावा खात असेल तर तो हात वाकलेला आहे.

आता टायमिंग, म्हणजे घोडा चढताना सिलिंडर वेळेवर जागेवर बसतं का. यात वेळ घालवा, कारण रिव्हॉल्व्हरचा जीव इथे आहे. डमी राउंड भरा. डाव्या हाताच्या बोटाने सिलिंडरला अगदी हलका अडसर ठेवा आणि उजव्या अंगठ्याने घोडा सावकाश, फार सावकाश चढवा. घोडा शेवटच्या खाचेत अडकण्याआधी किंवा अडकताना सिलिंडर जागेवर 'कट्' करून बसलं पाहिजे. घोडा चढला पण सिलिंडर बसलं नाही, बोटाने किंचित पुढे ढकलावं लागलं, तर त्या घराचं टायमिंग मागे आहे. खडूने एका घरावर खूण करा आणि सहाही घरं तीनदा तपासा. पाच घरं बरोबर आणि एक चुकीचं असं सर्रास असतं, आणि विकणारा नेमकी चांगली पाच दाखवतो. टायमिंग मागे असलं की घर आणि नळी एका रेषेत येत नाहीत. गोळी नळीच्या कडेवर आपटते, शिशाचे तुकडे बाजूला उडतात. शेजारी उभ्या माणसाच्या गालात असा तुकडा रुतलेला मी स्वतः काढलेला आहे.

मग सिलिंडर जागेवर किती घट्ट अडकतं ते. डमी भरलेल्या स्थितीत चाप ओढून तसाच दाबून धरा, घोडा खाली, आणि सिलिंडर बोटांनी दोन्ही बाजूंना फिरवून बघा. जराशी हालचाल चालते. बांगडी मनगटात सैल फिरावी तशी फिरायला लागली तर नको. त्याच स्थितीत सिलिंडर पुढे-मागे ढकला. जाणवेल इतकं सरकत असेल तर पुढची पायरी अधिक काळजीने.

सिलिंडरचं तोंड आणि नळीचं मागचं टोक यांच्यामधली फट फिलर गेजने मोजा. साधारण ०.१० ते ०.२५ मिलीमीटर असावी. सिलिंडर एकदा मागे दाबून आणि एकदा पुढे दाबून, दोन्ही मापं घ्या. ०.३० च्या वर गेलं तर गॅस फटीतून बाहेर निघतो, जोर कमी होतो आणि हात भाजतो. फार कमी असेल तर दहा-बारा गोळ्यांनंतर काजळी साचून सिलिंडर फिरेनासं होतं. निकेल चढवलेल्या हत्यारात हा दुसरा दोष बरेचदा सापडतो, कारण मुलाम्याने फट खाल्लेली असते.

पांढरा कागद नळीच्या मागच्या टोकाशी धरून तोंडातून बघा, मग उलट. खोबणी स्वच्छ वळणाच्या दिसल्या पाहिजेत. थोडे गंजाचे खड्डे जुन्या हत्यारात असतात, त्यावरून किंमत कमी करा. पण आत गोल सावलीसारखी एक अंगठी दिसली, तर तिथे नळी फुगलेली आहे. केव्हातरी एक गोळी अडकली आणि मागून दुसरी झाडली गेली. बाहेरून बोट फिरवलं तर कधी उंचवटा लागतो, पण पॉलिश केलेल्यात तोही घासून टाकलेला असतो. नळीच्या मागच्या रुंद तोंडाशी, जिथून गोळी आत शिरते, तिथे भिंगाने बघा. सहा वाजण्याच्या जागी (अगदी खाली) केसासारखी चीर असेल तर नळीच बदलावी लागेल.

घोड्याचा धोका तपासायचा असा. रिकाम्या हत्यारात घोडा चढवा, चापापासून बोट दूर ठेवा आणि अंगठ्याने घोड्याला मागून पुढे मध्यम जोराने दाबा. तो पडता कामा नये. पाच वेळा करा. एकदाही पडला तर चापाचं काम बिघडलेलं आहे. नंतर ताणकाटा चापाला अडकवून, घोडा चढवलेल्या स्थितीत किती वजनाला सुटतो ते बघा. स्वसंरक्षणाच्या हत्यारात दीड किलोच्या आत सुटणारा चाप मी नाकारतो. भेदरलेल्या माणसाचं बोट तोलूनमापून हलत नाही.

घोड्याच्या नाकाची टोचणी तुटकी किंवा घासलेली नाही ना, ती ज्या भोकातून जाते त्याच्या कडा फाकल्या नाहीत ना, हे पटकन बघून घ्या. आणि स्क्रू. सगळ्यात आधी बघावेत असे स्क्रू मी शेवटी सांगतो आहे, पण दारातून आत जाताच माझी नजर तिथेच जाते. स्क्रूच्या खाचा चेंगरलेल्या, कडा उडालेल्या असतील, तर चुकीच्या पान्याने हे हत्यार अनेकदा उघडलं गेलं आहे. ज्याला बरोबर मापाचा स्क्रूड्रायव्हर घ्यावासा वाटला नाही, त्याने आत काय केलं असेल?

काडतुसं

.३२ या एकाच आकड्याची दोन वेगळी काडतुसं बाजारात आहेत. रिव्हॉल्व्हरचं लांब, तळाची कडा ठळक बाहेर आलेली, गोळी शिशाची. पिस्तुलाचं आखूड, कडा जेमतेम बाहेर, गोळीवर धातूचं कवच. पिस्तुलाचं काडतूस काही जुन्या रिव्हॉल्व्हरच्या घरात बसतंही, आणि त्याचा दाब जास्त असतो. "काहीही चालतं यात" असं विकणारा म्हणाला, तर घरं फुगली आहेत का ते जास्त काळजीने बघा. डमी राउंड घातल्यावर प्रत्येक घरातून ते नखाने सहज बाहेर आलं पाहिजे. परवान्यावरची काडतुसांची मर्यादा पाळायची, आणि ती गाडीच्या डॅशबोर्डमध्ये ठेवायची नाहीत. मे महिन्यात भुसावळचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो, बंद गाडीत त्याहून वर.

शक्य असेल तर डीलरच्या व्यवस्थेने अधिकृत फायरिंग रेंजवर बारा गोळ्या झाडून बघा. सहाही घरं दोनदा. झाडलेल्या टोप्यांवरचे ठसे मधोमध आणि सारख्या खोलीचे आहेत का पाहा. शेतात, मळ्यात, लग्नाच्या वरातीत 'चालवून बघणं' कधीच नाही. आनंदाच्या गोळीबारासाठी २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे.

किंमत

सजावटीचे पैसे देऊ नका. घासाघीस करताना माझी रीत अशी : त्याच प्रकारच्या नव्या सरकारी हत्याराची करांसकट किंमत डीलरकडून लिहून घ्यायची, तिच्यातून झीज वजा करायची, बदललेला प्रत्येक भाग मूळ स्थितीत आणायचा खर्च वजा करायचा. उरलेला आकडा विकणाऱ्याला पटला तर ठीक. परदेशी जुन्या रिव्हॉल्व्हरचं गणित निराळं आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून खासगी आयात जवळपास बंद झाली, म्हणून ती काही लाखांत विकली जातात. पण त्यांची किंमत मूळ रूपाची असते. मुलामा चढवलेलं, नळी छाटलेलं वेब्ली म्हणजे निम्मं मोल गेलेलं वेब्ली. त्याचे सुटे भाग मिळवणं हा वेगळा त्रास, आणि वेब्ली नावाची नवी रिव्हॉल्व्हर आता उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यात बनतात, तेव्हा 'असली इंग्लंडची' हा शब्द ऐकून हुरळू नका. बर्मिंगहॅमचे ठसे बघा.

अमळनेरच्या हत्याराचं काय झालं

आम्ही दोघं एका डीलरकडे ते बघायला गेलो. विकणारा मालकाचा मुलगा होता, भला माणूस. वडिलांनी हौसेने सजवलेलं, म्हणून त्याचाही जीव त्यात. नंबर वाचता येत होता, पण शेवटचे दोन अंक भिंगाशिवाय दिसत नव्हते. चौथ्या घराचं टायमिंग मागे होतं. अंगठ्याच्या दाबाने घोडा तिसऱ्या वेळी पडला. ताणकाटा लावायची गरजच उरली नाही. बिल नव्हतं, मूळ स्प्रिंगही नव्हती. मी मुलाला समजावून सांगितलं की हे असंच कुणाला विकू नको. आधी परवानाधारक गनस्मिथकडून चाप आणि घोडा नवे बसवून घे आणि झिजलेल्या नंबराबद्दल शस्त्र शाखेला स्वतःहून लेखी कळव. त्याने वहीत लिहून घेतलं.

परतीच्या गाडीत नातेवाईक गप्प होता. मन त्या चमकेत अडकलं होतं, आणि ते मी समजू शकतो. दोन महिन्यांनी त्याच डीलरने एक साधं कानपुरी .३२ दाखवलं. एकाच मालकाचं, होल्स्टरच्या घर्षणाने तोंडाशी काळा रंग उडालेला, स्क्रूच्या खाचा कारखान्यातून आल्या तशा. फट ०.१५, सहाही घरं बरोबर, घोडा हलला नाही. फक्त आत खोबरेल तेल सुकून राळेसारखं चिकटलं होतं. ते साफ करायला आणि पुढे कधीही खोबरेल न वापरता हत्याराचं पातळ तेल वापरायला सांगितलं. पावसाळ्यात चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवायचं नाही, चामडं ओल धरतं, हेही सांगितलं.

जुन्या मालकाने परवा पोलीस ठाण्यात लेखी कळवलं, पोचेची प्रत अमळनेरला आली आहे. भिंतीवरच्या कालनिर्णयवर त्याने पंचेचाळिसावा दिवस पेनाने गोल करून ठेवलाय.